कर्मचारी प्रशिक्षण: आधी एका अर्जाच्या मागे चाला

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात सहायक कुलसचिव असलेल्या मॅडम लिहितात, "परीक्षा, पात्रता आणि प्रवेश या तीन विभागांत मिळून आमचे ६५ शिक्षकेतर कर्मचारी आहेत. कार्यक्षमता वाढावी म्हणून तीन वर्षांत तीन शिबिरं घेतली. चांगले वक्ते बोलावले, जेवण उत्तम ठेवलं, अभिप्रायही छान आले. सोमवारी टेबलावर सगळं पहिल्यासारखंच. यंदा पुन्हा दोन दिवसांची तरतूद आहे. माणसंच बदलायला तयार नाहीत, की आमचं काही चुकतंय? आणि प्रमाणपत्रं द्यावीत का?"

मॅडम, मी स्वतः एकोणीस वर्षं परीक्षा विभागात काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. गेली बारा वर्षं ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. म्हणजे तुम्ही वर्णन केलेल्या शिबिरात मी समोरच्या खुर्चीतही बसलोय आणि माईकही धरलाय. सुरुवातीच्या काही वर्षांत तर तुमच्या त्या वक्त्यांसारखंच मीही बोलायचो.

त्या शिबिरांत काय शिकवतात ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. वेळेचं नियोजन, सकारात्मक दृष्टिकोन, ताणतणाव, आणि ती बरणी. बरणीत आधी मोठे दगड टाका, मग खडे, मग वाळू. ऐरोलीला एका शिबिरात मी ती बरणी काढली तेव्हा मागच्या रांगेतले एक वरिष्ठ लिपिक शांतपणे म्हणाले, "सर, बरणी आमचीच आहे, पण दगड कोण टाकतं तेही विचारा कधीतरी." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र ट्रान्स हार्बरच्या गाडीत तेच डोक्यात फिरत राहिलं. बरणी मी त्यानंतर नेलेली नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: माणसं बदलायला तयार नाहीत असं मला सहसा दिसलेलं नाही. त्यांना जे शिकवलं जातं त्याचा त्यांच्या टेबलावरच्या कागदाशी संबंध नसतो, एवढंच. म्हणून वक्ता ठरवण्याआधी एक काम करा. रोज येणाऱ्या अर्जांपैकी एक प्रकार निवडा आणि खिडकीत आल्यापासून जावक होईपर्यंत त्या अर्जाच्या मागे स्वतः चाला. हातात वही, मनगटावर घड्याळ. कोणाला काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

मी हे पहिल्यांदा केलं ते ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या अर्जावर. परदेशी जाणाऱ्या मुलीचा अर्ज होता, सगळे कागद जोडलेले. खिडकीवर पावती झाली, मग आवक नोंद, मग कोणी हाताळायचा ते ठरवायला (मार्किंगला) अधीक्षकांकडे, तिथून लिपिकाकडे, लिपिकाची रेकॉर्ड रूमला मागणी, शिपायाने गुणांची जुनी खतावणी शोधून आणणं, गुण उतरवणं, टंकन, तपासणी, पुन्हा अधीक्षक, मग साहेबांची सही, शिक्का, जावक. सतरा दिवस लागले. त्या अर्जावर माणसांचे हात प्रत्यक्षात किती वेळ चालले याची मी बेरीज केली, तर एक तास दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ अर्ज ट्रेमध्ये झोपलेला. चार दिवस यासाठी की रेकॉर्ड रूमच्या शिपायाला नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या तयारीत फाईली वाहायला लावलं होतं. तीन दिवस यासाठी की तपासणाऱ्या बाईंनी एका पानावर आद्याक्षर करायचं राहिलं आणि त्या रजेवर गेल्या. आणि पावती क्रमांक तीन ठिकाणी लिहिला जात होता: खिडकीवर, आवक नोंदवहीत आणि लिपिकाच्या स्वतःच्या एक्सेलमध्ये. का, विचारलं तर उत्तर आलं, "त्यांच्या नोंदीत चुकतं कधीकधी, आपलं आपल्याकडे असलेलं बरं."

मग मी त्या सतरा दिवसांची वाटणी केली. शिकवून वाचतील असे दिवस जेमतेम पाच निघाले. बाकीचे सहीच्या अधिकारात, जागेत आणि माणसांच्या पळवापळवीत अडकलेले. एक जण रजेवर असेल तर दुसऱ्याने सही करायची, हे एका ओळीच्या कार्यालयीन आदेशाने सुटतं. त्यासाठी हॉल भाड्याने घ्यायला नको. तुमच्याकडेही ही वाटणी आधी करा आणि कुलसचिवांपुढे ठेवा. आदेशाने सुटणारं काम प्रशिक्षणाच्या माथी मारलं की तीन वर्षांत तीन शिबिरं होतात आणि वर कर्मचाऱ्यांवर आळशीपणाचा शिक्का बसतो.

आता शिकवण्याजोगं काय उरतं ते सांगतो. थोडंच उरतं, पण ते खरं असतं.

पहिलं, टेबल. हसू नका. आपल्याच राज्यात, १९८० च्या दशकात, नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी घडी बसवली ती 'लखिना पॅटर्न' म्हणून महसूल खात्यात आजही ओळखली जाते. तिच्याबरोबर नाव घेतलं जातं ते सहा गठ्ठे पद्धतीचं: चालू प्रकरणं वेगळी, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी वेगळी, ठरावीक काळाने जाणारी विवरणपत्रं वेगळी, स्थायी आदेशांची संचिका वेगळी, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी आणि नष्ट करायची वेगळी. तलाठी कार्यालयात माहीत असलेली ही गोष्ट विद्यापीठांच्या कितीतरी विभागांत कोणी कधी शिकवलेलीच नसते. मी याला अर्धा दिवस देतो आणि व्याख्यान अजिबात देत नाही. खरी टेबलं, खरी कपाटं, तोंडाला रुमाल. एका ठिकाणी टेबलाच्या काचेखाली २००९ चं शुल्काचं परिपत्रक निघालं. नवा आलेला मुलगा ते प्रमाण मानून खिडकीवर शुल्क सांगत होता आणि रोज दोन-तीन जणांना लेखा विभागातून परत पाठवलं जात होतं. त्या एका कागदाने किती हेलपाटे घडवले असतील!

यात एकच सावधगिरी. नष्ट करायचा गठ्ठा त्याच दिवशी रद्दीवाल्याला देऊ नका. अभिलेख किती वर्षं जपायचा याचं वेळापत्रक असतं, ते आधी काढा, यादी करा, मंजुरी घ्या. उत्साहाच्या भरात परीक्षेचं रेकॉर्ड गेलं तर पुढच्या शिबिराला तुम्हीही नसाल आणि मीही.

दुसरं, मराठी टंकन. हा विषय कोणी प्रशिक्षणात धरत नाही, कारण एमएस-सीआयटी झालेलं असतं, मग संगणक येतोच असं गृहीत. प्रत्यक्षात जुने मसुदे सुरेख किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, नवा संगणक युनिकोडवर, आणि मसुदा ईमेलमध्ये चिकटवला की समोरच्याला दिसतं ते अगम्य चिन्हांचं रान. मग काय करतात? प्रिंट काढतात, सही करतात, स्कॅन करतात आणि त्या फोटोची पीडीएफ पाठवतात. त्यातलं एक अक्षर पुढे कधी शोधता येत नाही. एका वरिष्ठ लिपिक ताईंना इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडमध्ये टंकायची कळफलकाची मांडणी, शिकवताना मी त्यांच्या शेजारी तीन आठवडे, रोज वीस मिनिटं बसलो. पहिला आठवडा त्या चिडल्या होत्या. सुरेखवर त्यांची बोटं पळायची, इथे 'क्ष' सापडेना. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून नेहमीच्या चौदा पत्रांचे नमुने युनिकोडमध्ये करून विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकले. दोन दिवसांच्या शिबिरात हे झालं असतं का? नसतं. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच, निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून करून, दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी ते धरून ठेवते. तुमचे दोन दिवस एकदम खर्च करू नका. बारा तास आहेत ना, त्यांचे दीड-दीड तासाचे आठ तुकडे करा आणि दोन महिन्यांत पसरा. खिडकी तीनला बंद होत असेल तर सव्वातीन ते पावणेपाच. पाचनंतर कोणालाही थांबवू नका. बदलापूरच्या माणसाचं लक्ष पाच वाजल्यापासून फळ्यावर नसतं, स्टेशनच्या इंडिकेटरवर असतं.

तिसरं, खिडकी. इथे मी जरा जास्त वेळ घेतो, तुम्हीही घ्या.

खिडकीवरच्या माणसाला 'सौजन्याने वागा' असं सांगून काही होत नाही. तो सकाळपासून दीडशे चेहरे बघतो, त्यातले शंभर एकच प्रश्न विचारतात. मी त्याला एक हिशोब करायला लावतो. शहापूरजवळच्या गावातली एक मुलगी वडिलांना घेऊन पदवी प्रमाणपत्रातलं नाव दुरुस्त करायला येते. गावातून रिक्षा किंवा एसटीने आसनगाव, तिथून कसारा लाईनची गाडी पकडून ठाणे, ठाण्याला प्लॅटफॉर्म बदलून ट्रान्स हार्बर, उतरून पुन्हा रिक्षा. वडिलांचा दिवसाचा रोज बुडालेला. खिडकीवर ऐकू येतं, "राजपत्राची प्रत नाही जोडली. उद्या या." हे 'उद्या या' किती रुपयांचं आहे, ते कागदावर मांडा. गाडीभाडं, रिक्षा, बुडालेला रोज, दोघांचं खाणं. कर्मचारी स्वतः आकडे लिहितात, कारण त्यातले बरेच जण स्वतः टिटवाळा, वाशिंद, आसनगावहून येतात. भाडं त्यांना माझ्याहून जास्त माहीत. एकदा एका तरुण शिपायाने बेरीज करून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "सर, पण आपण तर दिवसाला वीस जणांना उद्या या म्हणतो." नंतर मला काही बोलावंच लागलं नाही.

पण इथे थांबलात तर तेही भावनिक शिबिरच होईल. लगेच पुढचं काम द्या: परत पाठवायची कारणं आठवडाभर रेघा मारून मोजायची. खिडकीवर एक कागद, कागदाला पाच रकाने: कागदपत्र अपुरं, शुल्क चुकलं, सही नाही, चुकीच्या विभागात आला, इतर. बहुतेक ठिकाणी एक-दोन कारणंच निम्म्याहून जास्त रेघा खातात. ती कळली की खिडकीवरच्या माणसांनाच बसवून सूचनापत्र लिहून घ्यायचं, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात. "आवेदनासोबत विहित नमुन्यातील स्वयंघोषणापत्र संलग्न करावे" असं लिहिलंत तर तो माणूस पुन्हा खिडकीवरच येणार. "सोबत हे तीन कागद आणा" एवढं लिहा. हे लिहिताना तासभर जी वादावादी होते, तेच तुमचं संवादकौशल्याचं प्रशिक्षण.

माहिती अधिकाराचे अर्जही असेच वाचायला बसवा. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्कही मान्य केला, त्यामुळे परीक्षा विभागाला या अर्जांची धास्ती असते. मी जिथे जिथे हे अर्ज चाळून घेतले, तिथे बऱ्याच अर्जांत माणूस एवढंच विचारत होता की माझं प्रकरण कुठपर्यंत आलं. खिडकीवर ते मिनिटात सांगता आलं असतं, तर दहा रुपयांचा स्टँप लावून कोणी विचारलं नसतं.

आता एका गोष्टीबद्दल तक्रारच करतो. प्रशिक्षणाच्या यादीत नावं असतात ती कायम कर्मचाऱ्यांची. खिडकीवर बसतात कंत्राटी मुलं. "ते एजन्सीचे आहेत" म्हणून त्यांना वगळतात आणि शिबिराच्या दिवशी विभाग सांभाळायला तेच मागे राहतात. एका संस्थेत मी विचारलं, विद्यार्थ्यांशी दिवसातून सर्वांत जास्त कोण बोलतं? उत्तर आलं, "ते दोघं, पण ते आज काम बघतायत." तुमच्या ६५ मध्ये कंत्राटी धरले आहेत का, ते पुन्हा बघा. आणि शिपाईही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा माणूस यादीत नाही, मग अर्ज कुठे थांबतो ते तुम्हाला सांगणार कोण?

तसंच अधीक्षक आणि कक्ष अधिकारी. त्यांना आधी, वेगळं, एक दुपार द्या. कर्मचारी नवीन काही शिकून आला आणि अधीक्षक म्हणाले, "ते शिबिरात ठीक आहे, इथे आपली पद्धत आपली," की संपलं. उद्घाटनाला दीपप्रज्वलन करून निघून जाणारे वरिष्ठ मला तर नकोच असतात. अर्धा तास मागच्या खुर्चीत बसणारे असतील तर जरूर यावं.

शिकवणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो: बाहेरून कमीत कमी माणसं आणा. प्रत्येक विभागात एक अशी व्यक्ती असते जिच्या वहीवर विभाग चालतो. आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांची दोनशे पानी वही होती. कोणत्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, कोणत्या बॅचला एटीकेटीचा कोणता नियम, कोणत्या साली श्रेयांक पद्धत आली, जुने बैठक क्रमांक कोणत्या खतावणीत, सगळं बारीक अक्षरात. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभात शाल दिली, नारळ दिला, आणि वही त्या घरी घेऊन गेल्या. चूक त्यांची नव्हती, वही त्यांचीच होती, कोणी मागितलीच नाही. पुढचे दोन महिने आम्ही त्यांना फोन करत होतो. तुमच्याकडच्या अशा व्यक्तीला आत्ताच शोधा, आठपैकी तीन सत्रं तिला द्या, आणि एका तरुण मुलाला शेजारी बसवून ती वही टंकून घ्या. मानधनही द्या, बाहेरच्या वक्त्याला देता तेवढंच. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं उभी राहिली, त्यांचीच पुढे नावं बदलत आता मालवीय मिशनची केंद्रं झाली, आणि तिथले अभ्यासक्रम पदोन्नतीशी जोडलेले आहेत. शिक्षकेतरांसाठी तेवढी भरभक्कम सोय नाही. तेव्हा घरातलं शहाणपण वाया घालवणं आपल्याला परवडत नाही.

नवी प्रणाली येत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी ती घ्या. २०१७ चं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन, म्हणजे स्कॅन करून संगणकावर, तपासायला घेतल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबत गेले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. कारणं अनेक होती, त्यांचा न्यायनिवाडा मी करत नाही. प्रशिक्षक म्हणून मी त्यातून एवढंच उचललं: नवी प्रणाली आधी एका छोट्या परीक्षेवर चालवा, जुनी शेजारी चालू ठेवा, आणि कर्मचारी जिथे अडखळतील ती जागा लिहून काढा. ती यादी हाच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. कंपनीचा माणूस प्रोजेक्टरवर दाखवतो ते प्रात्यक्षिक असतं. त्यात त्याचा लॉगिन कधी बंद पडत नाही.

परिणाम मोजायचं म्हणाल, तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलात का, काम करताना वापरता का, आणि कामाच्या निकालात फरक पडला का. तुमचे 'छान आलेले' अभिप्राय पहिल्या पायरीवरचे. जेवण चांगलं असेल तर ते छानच येतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीसाठी मोठा खटाटोप नको. तुम्ही निवडलेल्या त्याच प्रकारच्या अर्जामागे तीन महिन्यांनी पुन्हा चाला, त्याच वहीत, आणि खिडकीवरच्या रेघा पुन्हा मोजा. आमच्या ट्रान्सक्रिप्टच्या त्या सतरा दिवसांचे अकरा झाले होते. त्यातले किती माझ्यामुळे आणि किती रजेच्या सहीच्या आदेशामुळे, हे मी सांगत बसत नाही. आदेशाचा वाटा मोठा होता.

वेळ निवडताना प्रवेशाचे जून-जुलै आणि दोन्ही परीक्षांचे हंगाम टाळा, ते तुम्हाला माहीतच आहे. गणपतीच्या आधीचा आठवडाही नको, निम्मा विभाग मनाने चिपळूणला पोचलेला असतो. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी मला मानवतो.

आणि प्रमाणपत्रं. द्या, जरूर द्या. सेवापुस्तकात नोंद होणार असेल तर आणखी चांगलं. माणसाला केलेल्या गोष्टीचा कागद हवा असतो, आपण सगळे त्या कागदावरच जगतो. फक्त नावं दोनदा तपासून घ्या. एका ठिकाणी समारोपाला घाईघाईत छापलेल्या प्रमाणपत्रांत बारा जणांची आडनावं चुकली. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका लिपिकाने आपल्याच विभागात, रीतसर, नावदुरुस्तीचा अर्ज आधारची झेरॉक्स जोडून आवक केला. खिडकीवरच्या मुलाने तो गंभीर चेहऱ्याने वाचला आणि विचारलं, "राजपत्र जोडलंय का?"